मला न ऐकू येणारी टिकटिक

इंजिनात आवाज आहे, हे मला सगळ्यांची तोंडं बघून कळलं.

दातवाल्या डॉक्टरांच्या जुन्या गाडीचं इंजिन तीन आठवडे माझ्या टेबलावर सुटं पडलं होतं. शनिवारी दुपारी मी ते बांधून गाडीत बसवलं. रेडिएटर दुरुस्त होऊन यायचा होता, म्हणून चालवून बघितलं नव्हतं. सोमवारी सकाळी तो आला, सूनबाईने बसवला, पाणी भरलं आणि मी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. तळपायाला ती भरलेली, घट्ट घरघर जाणवली आणि मी स्वतःलाच शाबासकी दिली. मग मान वर केली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून बॉनेटकडे बघत होते. माझे चिरंजीव काउंटर सोडून दारात आले होते. सूनबाई माझी नजर चुकवत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

चिरंजीवांनी इंजिन बंद केलं आणि बालवाडीतल्या पोराला सांगावं तसे ओठ मोठेमोठे हलवत सांगितलं, "आई, टिकटिक येतेय. जोरात."

मला ऐकू येत नाही म्हणजे मी अगदी दगड नाही. जाड आवाज येतात. ट्रक येतो, हातोडा येतो, नवरा होता तोवर त्याचं घोरणंही यायचं. बारीक, टोकदार आवाज मात्र चार वर्षांपूर्वी एकेक करून निघून गेले. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग व्हॉल्व्हवरच्या टॅपेटची टिकटिक. कानात घालायचं यंत्र आणलंय, पण ते घातलं की अख्खं गॅरेज एकदम डोक्यात शिरतं, म्हणून ते डबीत राहतं. समोर उभं राहून, तोंडावर हात न ठेवता बोललात तर मला सगळं कळतं. न बोललात तरी बरंच कळतं. अडतीस वर्षं इंजिनं बांधतेय, आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या हिमतीवर. बहिरी झालेय, आंधळी झालेली नाही आणि दहाही बोटं शाबूत आहेत.

चिरंजीव गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, कागदपत्रं सांभाळतात आणि पान्याला हात लावायची वेळ आली तर आधी रुमाल शोधतात. इंजिनचं काम शिकली ती सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना आणि पक्कड यांतला फरक माहीत नव्हता. आज ती माझ्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून एकटी इंजिन बांधते. कानामागून आली आणि तिखट झाली, असं लोक कुरकुरत म्हणतात. मी ते मिरवत म्हणते, कारण ते तिखट माझ्याच हातचं आहे.

"बेअरिंगचा आवाज आहे," चिरंजीव डॉक्टरांना सांगत होते. मी त्यांचे ओठ बाजूने वाचत होते. "इंजिन परत उतरवावं लागेल. चार दिवस द्या."

"कोण म्हणतं बेअरिंग?" मी मध्येच म्हटलं.

"आई, ऐकू येतंय ना."

"तुला बेअरिंगचा आवाज आणि बांगडीचा आवाज यांतला फरक तरी कळतो का रे?"

डॉक्टर हसले. चिरंजीवांचे कान लाल झाले. गिऱ्हाइकासमोर त्यांना असं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझी जीभ माझ्या कानांसारखी नाही, ती अजून तेज आहे. मग वर्षभर साठलेलं सगळं चिरंजीवांनी बाहेर काढलं.

"मला नाही कळत. पण मला ऐकू तरी येतं. तुला येत नाही, आई. गाडी बिघडली आहे की नाही हे तुला आम्ही सांगावं लागतं. हे किती दिवस चालवायचं? उद्या एखादी गाडी घाटात बंद पडली तर लोक कोणाचं नाव घेतील? मी वर्षभर सांगतोय, तू काउंटरवर बस, मानाने बस. इंजिनं ही बांधेल."

"आणि नाही बसले तर?"

"ठीक आहे." त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं, जणू पंच नेमला. "आजच ठरवू. हा आवाज तू बांधलेल्या कामातला निघाला, तर उद्यापासून इंजिनाला हात लावायचा नाहीस."

"आणि माझ्या कामातला नाही निघाला तर?"

"तर मी हा विषय परत काढणार नाही."

"डॉक्टर, तुम्ही साक्षीला," मी म्हटलं.

बोलून बसले. खरं सांगते, घाबरले होते. काउंटरवर बसण्यात काही कमीपणा नाही, पण माझे हात काउंटरवर काय करणार? सकाळी उठून मी ज्यासाठी बाहेर पडते ते सगळं त्या टेबलावर असतं. ते काढून घेतलं की माझ्या नावाची एक म्हातारी उरते, आणि तिच्याशी माझी ओळखही नाही.

"टॅपेट नाहीत," सूनबाई म्हणाली. जमिनीकडे बघत म्हणाली, म्हणून मला अर्धंच दिसलं. "आठही बरोबर आहेत."

सून आपल्या बाजूने बोलली, एवढंच मी त्यातून घेतलं आणि बरं वाटून पुढे गेले.

चिरंजीव तोवर इंजिन उतरवायची साखळी ओढायला निघाले होते. मी आडवी उभी राहिले. माझ्या गॅरेजात एक नियम आहे, तो वडिलांचा आहे. बिघाड कुठे आहे ते कळल्याशिवाय एकही नट उघडायचा नाही. अंदाजाने इंजिन उघडणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणि मी प्रत्येक बेअरिंग मोजून बसवलं होतं, एकदा नाही, तीनदा. ऑइलचा दाब काट्यावर सरळ उभा होता. खालून येणारी घरघर स्वच्छ होती. मी माझ्या पायांवर विश्वास ठेवला.

"इंजिन सुरू कर," मी सुनेला म्हटलं. "आणि एकेका प्लगची वायर काढ. आवाज कमी झाला की हात वर कर."

बेअरिंग किंवा पिस्टन ठोकत असेल, तर त्या सिलेंडरचा प्लग मेला की ठोका मऊ पडतो. तिने पहिली वायर काढली. इंजिन लंगडलं, पण तिचा हात वर गेला नाही. दुसरी, तिसरी, चौथी काढली तरी हात खालीच. मी चिरंजीवांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले, पण साखळी सोडली.

मग मी माझा लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मूठ दाताखाली धरायची आणि टोक इंजिनावर टेकवायचं. कान गेले तरी कवटी गेलेली नाही. लोखंडातला आवाज दातांतून थेट डोक्यात चढतो. मी मूठ तोंडात घातली आणि डॉक्टर धावत आले. मला वाटलं, गाडीला काही झालं. त्यांनी माझ्या गालाकडे बोट केलं.

"बाई, त्या बाजूला मी बसवलेली कॅप आहे! मागच्याच महिन्यात बसवलीय!"

"मग मजबूत असेल," मी मूठ न काढताच म्हटलं.

"दुसऱ्या बाजूने धरा. हात जोडतो."

दुसऱ्या बाजूने धरली. टोक इंजिनाच्या खालच्या अंगाला लावलं. तिथे जाड, गोल घरघर होती, एकही काटा नाही. मध्यावर लावलं, तेच. सायलेन्सर जिथे इंजिनाला जोडतो तिथल्या चारही तोंडांवर हाताचा तळवा धरून बघितला. तिथून हवा फुटली तरी टिकटिक होते. हवा फुटत नव्हती.

आता मला हवी होती आवाजाची चाल. आणि तीच मला मिळत नव्हती. मी डॉक्टरांपुढे हात केला.

"ऐकू येतंय ते माझ्या मनगटावर वाजवा. जसं येतंय तसं."

डॉक्टर आधी लाजले. मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन बोटांनी माझ्या मनगटावर ठोके धरले, टिक, टिक, टिक, अगदी मन लावून. रोज दुसऱ्यांच्या जबड्यात काम करणारे हात ते, ठोका ढळू देत नव्हते. मी दाताखालच्या मुठीतून इंजिनाचं फिरणं घेत होते आणि मनगटावर डॉक्टरांचा ठोका. दोन्ही जुळवून बघितले. इंजिन दोनदा फिरत होतं तेव्हा ठोका एकदा पडत होता. निम्म्या चालीने चालतं ते सगळं वरच्या मजल्यावर असतं, व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर. म्हणजे चिरंजीवांचं बेअरिंग गेलं खड्ड्यात.

पण वरचा मजलाही मीच बांधला होता. पैज अजून तशीच होती.

स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाच्या माथ्यावर, म्हणजे हेडवर टेकवला. व्हॉल्व्हची नेहमीची कुजबूज होती, त्यापलीकडे काही नाही. मग टोक एक बोट वर सरकवलं, रॉकरवर झाकण असतं त्या पत्र्याच्या कव्हरवर. आणि तिथे ते सापडलं. कोंबडीच्या पिल्लाने आतून टरफलाला चोच मारावी तसं, टोक टोक टोक. पुढे सरकले तसं मंद झालं. मागे आले, तिसऱ्या सिलेंडरच्या वर, तर दात शिवशिवले. चार वर्षांत पहिल्यांदा मी एक टिकटिक ऐकत होते. मला इतका आनंद झाला की क्षणभर पैजेचा विसर पडला.

हेडमध्ये आवाज नाही आणि झाकणात आहे. म्हणजे आतलं काहीतरी झाकणाला लागतंय. मी इंजिन चालू ठेवूनच कव्हरचे नट थोडे थोडे सैल केले. कडेने ऑइल पाझरायला लागलं. दोन्ही हातांनी कव्हर केसभर वर उचललं आणि समोरच्या तोंडांकडे बघितलं. डॉक्टरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. चिरंजीवांच्या भुवया वर चढल्या. कव्हर खाली दाबलं. आठ्या परत आल्या. उचललं, गेल्या. दाबलं, आल्या. तीन वेळा केलं. एकदा पुरत होतं, बाकीच्या दोन वेळा माझ्या आनंदासाठी.

इंजिन बंद करून कव्हर काढलं आणि उलटं केलं. आतल्या पत्र्यावर तिसऱ्या सिलेंडरच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत डाग पडला होता. रॉकरचं डोकं तिथे घासत होतं. इतकं सोपं. मी हसणारच होते, तेवढ्यात कव्हरखालच्या पॅकिंगकडे लक्ष गेलं.

ते माझं नव्हतं.

डॉक्टरांना कळावं म्हणून मी बोट लावून दाखवलं. हे इंजिन जुनं. व्हॉल्व्ह नीट बसावेत म्हणून त्यांच्या बैठका घासल्या की व्हॉल्व्हची टोकं वर येतात आणि रॉकरही वर चढतात. मग झाकणाखाली त्यांना हलायला जागा उरत नाही. म्हणून घासलेल्या हेडवर आम्ही बाजारचं पॅकिंग लावत नाही. कॉर्कशीटवर कव्हर ठेवायचं, पेन्सिलीने आखायचं, ब्लेडने कापायचं आणि दोन थर चिकटवायचे. वडिलांची पद्धत. इथे मात्र एका थराचं, बाजारचं, पातळ पॅकिंग बसलं होतं.

चिरंजीव जवळ आले. मला वाटलं होतं ते जिंकल्यासारखे बोलतील. तसे बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं असं, आई. चुकून पातळ लागलं असेल. वय झालं की राहून जातं एखादं. कोणी तुला दोष देत नाहीये."

ती कीव मला फार लागली. आणि त्याहून वाईट म्हणजे, एका क्षणासाठी मला ती पटली. चुकून? शनिवारी मी दमले होते. हात दुखत होता. खोक्यातलं पॅकिंग उचलून लावलं असेल का? मी माझ्या बोटांकडे बघितलं. डाव्या अंगठ्यावर ब्लेडचा बारीक काप होता, अजून न भरलेला. शनिवारी कॉर्क कापताना लागलेला. बोटं खोटं बोलत नाहीत. मी खांद्यावरचा हात बाजूला केला.

"हे पॅकिंग मी लावलेलं नाही," मी म्हटलं. "मी दुहेरी कापलं होतं आणि दुहेरीच लावलं होतं. माझ्यानंतर हे कव्हर कोणीतरी उघडलंय."

"कोण उघडेल, आई? उगाच—" असं म्हणता म्हणता चिरंजीवांचा चेहरा बदलला आणि त्यांची नजर गेली बायकोकडे.

मला ऐकू येत नाही म्हणून माझे डोळे फार ऐकतात. ती नजर मी ऐकली. आणि सकाळचं वाक्यही आठवलं. कव्हर उघडायच्या आधीच हिला कसं कळलं होतं की आठही टॅपेट बरोबर आहेत?

सूनबाईने फडकं उचललं. तिने नुसतं गप्प राहायचं ठरवलं असतं तर मी हरले असते. माझ्याकडे एका कापाशिवाय पुरावा नव्हता आणि उद्यापासून हे टेबल तिचं एकटीचं होणार होतं. तिने हात पुसले, माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली आणि मला नीट दिसेल असं बोलली.

"मी उघडलं, आई. शनिवारी तुम्ही घरी गेल्यावर. टॅपेट तपासले. काढताना तुमचं पॅकिंग फाटलं. मला वाटलं, पॅकिंगला पॅकिंग, म्हणून खोक्यातलं लावलं. हेड घासलंय हे डोक्यातच आलं नाही. चूक माझी आहे."

"तपासलेस कशासाठी?"

ती नवऱ्याकडे बघायला लागली. चिरंजीव म्हणाले, "मी सांगितलं होतं."

"हे पहिलंच?"

डॉक्टर भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत काहीतरी वाचायला लागले.

"किती?" मी सुनेला विचारलं.

"हे सोडून चौदा. गेल्या वर्षापासूनची सगळी."

"चौदा इंजिनं. माझ्या पाठीमागे. आणि काय सापडलं?"

"काही नाही."

"एकातही?"

"एकातही नाही, आई." तिचे डोळे भरले होते. "मी यांना दर वेळी सांगायचे, काही नाही सापडलं. हे म्हणायचे, पुढचं बघ."

मला रडू आलं नाही. राग आला. चौदा वेळा मी हात धुऊन घरी गेले, चौदा वेळा समाधानाने जेवले, आणि इकडे माझी पोरं माझी इंजिनं उघडून बघत होती, चोरून, झाकून. चौदा परीक्षा मी पास झाले आणि एकीचाही निकाल मला कोणी सांगितला नाही! आणि पंधराव्या वेळी तपासणाऱ्याच्याच हातून बिघडलं, तर ते माझ्या वयाच्या खात्यात टाकायला निघाले होते. हे सगळं मी बोलले. मोठ्याने बोलले असणार, कारण समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन उभा राहिला. चिरंजीव खाली मान घालून ऐकत होते. काळजीपोटी केलं, असं ते दोनदा म्हणाले. ते खरंही असेल. पण पाठीमागून केलेली काळजी आणि पाठीमागून केलेली चहाडी या दोन्हीला पाठच लागते.

मग मी कॉर्कशीट काढली आणि सुनेसमोर ठेवली. तिने कव्हर ठेवलं, आखलं, कापलं, दोन थर चिकटवले. काप सरळ आला. मी कडेवरून नख फिरवून बघितलं आणि मान हलवली. नट तिने आवळले. किल्ली मी फिरवली आणि तोंडं बघितली. डॉक्टरांचं कपाळ सपाट होतं. त्यांनी हात वर करून बोटं हलवली, वाजवायला काहीच उरलं नाही अशी. गाडी घेऊन गेले, जाताना कॅपवर लाकूड चावायचं नाही म्हणून बजावून गेले.

आम्ही तिघं राहिलो. चिरंजीव पुढे आले.

"हरलो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावरून कळत होतं की मनापासून म्हणताहेत. "मी हा विषय परत काढणार नाही, आई. आणि ही आता तुझं एकही इंजिन तपासणार नाही."

"का नाही तपासणार?" मी म्हटलं.

मी सुनेलाही खुणेने जवळ बोलावलं.

"मला ऐकू येत नाही, हे काय खोटं आहे? उद्या बोटंही जातील, परवा डोळे जातील. ज्या दिवशी मी खरंच चुकेन, त्या दिवशी ते कोणालातरी सापडायला नको? तपासायचं. प्रत्येक इंजिन तपासायचं. पण मी इथे उभी असताना, माझ्या डोळ्यांदेखत. आणि तू बांधशील ते मी तपासणार, तुझ्या डोळ्यांदेखत. या गॅरेजात आजपासून कोणाचंही झाकण चोरून उघडायचं नाही."

सूनबाईने पदराने नव्हे, ऑइलच्या फडक्याने डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा ओढून घेतला.

"आणि तुमची चूक सापडली तर, आई?" तिने विचारलं. हळूच विचारलं, पण समोर उभी राहून.

"तर ओरडून सांग," मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."